तीन महिने वही उघडली नाही, आता कथेत परत कशी शिरू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवली ते फोर्ट अशी रोजची ये-जा, घरी वन रूम किचन, सासू-सासरे, शाळेत जाणारा मुलगा. एक कथा अठराशे शब्दांपर्यंत आली आणि अडली. कार्यशाळेत सांगितलं होतं, रोज पहाटे उठून हजार शब्द लिहा, एकही दिवस चुकवू नका, हातातलं पूर्ण झाल्याशिवाय दुसरं सुरू करू नका. पंधरा दिवस पहाटे उठून बसणं तेवढं जमलं. मग मुलाची परीक्षा, मग सासऱ्यांचं आजारपण. आता तीन महिने वही बंद आहे आणि ती कपाटात नुसती दिसली तरी अपराधी वाटतं. लेखनाची माझी लायकीच नाही का?

लायकीचा प्रश्न आधी बाजूला ठेवा. तीन महिन्यांच्या खंडावरून लायकी कळत नाही. खंड का पडला आणि पडल्यावर परत येणं का जमलं नाही, एवढंच कळतं. पहिल्यावर तुमचा फारसा ताबा नव्हता. दुसरं मात्र दुरुस्त करता येतं.

लिहायला वेळ मिळत नाही असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळ खातं ते परत शिरणं. कालच लिहिलेलं असेल तर पात्रं, त्यांचे आवाज, कोण कुठे उभं आहे हे सगळं डोक्यात ताजं असतं आणि दोन मिनिटांत हात चालू होतो. दहा दिवसांनी बसलात की तेच पुन्हा गोळा करण्यात वीस-पंचवीस मिनिटं जातात, आणि नोकरी-घर सांभाळणाऱ्या बाईकडे सलग मोकळी मिनिटं असतात तीच मुळी तेवढी. 'रोज लिहा' हा नियम चालतो तो एवढ्यासाठीच, की रोज लिहिणाऱ्याला हा खर्च पडत नाही. त्यात पुण्य-पाप काही नाही. ज्यांना रोज जमत नाही त्यांनी हाच खर्च दुसऱ्या वाटेने कमी करायचा. ते एकदा साधलं की आठवड्यातून दोनदा लिहा, महिनाभर लिहू नका, लेखन मोडत नाही.

खंडानंतर काय बिघडतं ते बारकाईने पाहा. वही उघडली की आपण पहिल्या पानापासून वाचायला लागतो. दुसऱ्याच ओळीतला एखादा शब्द खटकतो. तो बदलतो. मग परिच्छेद पुन्हा लिहावासा वाटतो. तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी होते, वही मिटते, आणि हाती नवी एकही ओळ नसते. असं चार-पाच वेळा झालं की पहिलं पान घासूनपुसून लख्ख होतं, सहावं पान जिथल्या तिथे राहतं आणि मन नोंद करतं की 'मी बसते, पण होत नाही.' अपराधीपणा इथून येतो. तो आळशीपणाचा पुरावा नाही. काम चुकीच्या टोकाकडून उचललं जातंय, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून शब्दसंख्येऐवजी खेप मोजा. एक खेप पंधरा मिनिटांची. त्यातली पहिली तीन परत शिरायला, मधली नऊ-दहा लिहायला, शेवटची दोन परतीची चिठ्ठी लिहायला. विचार करत हाताने लिहिताना मिनिटाला दहा-बारा शब्द होतात, म्हणजे एका खेपेला साधारण शंभर-सव्वाशे. आठवड्याला तीन खेपा धरल्या तर तीन-साडेतीनशे शब्द, आणि नऊ-दहा आठवड्यांत तीन हजार शब्दांच्या कथेचा कच्चा खर्डा. पहाटेचा गजर न लावता.

या सगळ्यात परतीची चिठ्ठी सर्वांत महत्त्वाची, आणि लोक नेमकी तीच गाळतात. उठण्याआधी, लिहिणं रंगात आलं असलं तरी, तीन ओळी लिहायच्या. समजा लालबागच्या चाळीतली खोली पुनर्विकासासाठी रिकामी होतेय आणि मावशी माळ्यावरचं सामान काढतेय अशी कथा आहे. चिठ्ठी अशी होईल:

थांबले: मावशी शिडीवर, भाची खाली. ट्रंक अजून उघडलेली नाही.
पुढे: मावशी म्हणते, "तू वर येऊ नकोस."
माहीत नाही: ट्रंक नक्की कुणाची? काकांची असेल तर मावशी घाबरते कशाला?

पहिली ओळ तुम्हाला जागेवर नेऊन ठेवते. दुसरी हातात पहिलं वाक्य देते, त्यामुळे कोऱ्या जागेकडे बघत बसावं लागत नाही. तिसरीचा उपयोग वही बंद असताना होतो. प्रश्न घेऊन उठलेलं मन भाजी चिरतानाही त्यावर काम करत असतं. नुसतं 'कथा पूर्ण करायची आहे' एवढंच घेऊन उठलेलं मन फक्त बोचत राहतं. चिठ्ठी वेगळ्या कागदावर नको, हरवते. त्याच पानाच्या तळाशी लिहा आणि भोवती चौकट काढा. पुढच्या खेपेला चौकट आणि तिच्या वरच्या दहा ओळी वाचायच्या, त्याहून मागे जायचं नाही. मागचं काही चुकलंय असं आठवलं तर समासात एक खूण करा आणि पुढे चला.

वाक्य अर्धवट सोडून उठावं असाही एक सल्ला दिला जातो. काहींना तो लागू पडतो, काहींना दुसऱ्या दिवशी वाक्याचं उरलेलं अर्धं आठवतच नाही. चिठ्ठीची दुसरी ओळ असली की त्याची गरज उरत नाही.

आता खेप बसवायची कुठे. सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये लिहायचा हट्ट धरू नका. तिथे उभं राहायला मिळालं तरी पुष्कळ. सकाळी फक्त चिठ्ठीतला प्रश्न घेऊन चढा. संध्याकाळी सीएसएमटी हे गाडी सुटण्याचं स्टेशन असल्याने बसायला मिळण्याची शक्यता जास्त. गाडी सुटण्याआधीची तीन-चार मिनिटं आणि फास्ट लोकलची दादरपर्यंतची बारा-तेरा, एवढ्यात एक खेप नीट बसते. दादरला गर्दी आत आली, तिघांच्या बाकावर चौथं कुणी टेकलं, की कोपर हलवायला जागा राहत नाही. तिथे वही मिटायची आणि ठाण्यापर्यंत डोळे मिटून घ्यायचे. आठवड्यातले दोन दिवस एवढं झालं आणि रविवारी दुपारी घर झोपलं असताना एक खेप मिळाली, की आठवड्याचं काम झालं. उरलेल्या दिवशी लिहिलं नाही म्हणून काहीही चुकलेलं नाही, ते दिवस हिशेबात धरलेलेच नव्हते.

वही तळहाताहून थोडी मोठी असावी, पुठ्ठ्याच्या पाठीची, म्हणजे मांडीवर टेकू लागत नाही. जून ते सप्टेंबर पेन्सिल किंवा साधं बॉलपेन वापरा. बऱ्याच जेल पेनची शाई पर्समध्ये आलेल्या चार थेंबांनीही पसरते, पेन्सिल भिजलेल्या कागदावरही वाचता येते. मोबाईलवर लिहिणाऱ्यांनी नेट नसतानाही उघडेल असं साधं टिपणांचं ॲप घ्यावं आणि एका कथेला एकच टिपण ठेवावं. सात ठिकाणी सात तुकडे झाले की शोधण्यातच खेप संपते. बोलून टंकलेखन करणं घरी ठीक आहे. डब्यातल्या गोंगाटात त्याचा पार विचका होतो, आणि बहुतेक वेळा विरामचिन्हं नंतर घालावी लागतात, तो वेळ धरून चला.

मध्येच एखादा शब्द किंवा माहिती अडली तर तिथे 'ठठठ' लिहून पुढे जायचं. 'ठठ' पुरत नाही, कारण शोधताना प्रत्येक 'ठठ्ठा' समोर येतो. तीन ठ मात्र मराठीत कुठल्याच शब्दात एकापाठोपाठ येत नाहीत, त्यामुळे संगणकावर एका शोधात सगळी भोकं सापडतात आणि वहीतही नजरेला टोचतात. वरच्याच कथेत मावशीचे यजमान गिरणी कामगार आहेत असं धरू. "संप सुरू झाला त्या दिवशी, ठठठ, काका डबा तसाच घेऊन परत आले." लिहिताना तारखेसाठी मोबाईल उघडलात तर संपाचे नेते दत्ता सामंत यांच्यावरचा एक लेख, मग गिरण्यांच्या जमिनींवरचा दुसरा, असं करत दादर येतं. तारीख नंतर एका वेगळ्या खेपेत भरा: १८ जानेवारी १९८२. तेव्हाच हेही कळेल की तो सोमवार होता. मग डब्यात काल रविवारचं उरलेलं मटण असू शकतं आणि न उघडलेल्या डब्याचं वजन बदलतं. माहिती अशी निवांत बघितली की कथेच्या उपयोगी पडते, घाईत बघितली तर नुसती तारीख हाती लागते.

नियमांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. प्रत्येक नियम हे कुणाच्या तरी दुखण्यावरचं औषध असतं. तुम्हाला ते दुखणं आहे का, हे आधी बघायचं. 'हातातलं पूर्ण झाल्याशिवाय दुसरं नको' हे वीस कथा सुरू करून प्रत्येकीच्या मध्यावर पळ काढणाऱ्यांसाठी आहे. तुमची एकच कथा आहे आणि ती अडली की लिहायला दुसरी जागाच उरत नाही, म्हणजे तुमच्यासाठी हा नियम कुलूप झालाय. मोठ्या कथेच्या बाजूला एक लहानसं काहीतरी ठेवा, अर्ध्या पानाचं: समोरच्या बाईने गजरा कसा माळला त्याचं वर्णन, चार ओळी, एखादं पत्र. कथा रुसली की तिकडे जायचं. 'पहाटे लिहा' हे दिवसभरात डोकं इतरांच्या शब्दांनी भरून जाणाऱ्यांना उपयोगी, पण साडेपाच तास झोपणाऱ्याची झोप कापून आलेली पानं बहुतेक फेकावी लागतात. 'पहिल्या खर्ड्यात काहीही खोडू नका' हे गद्याला पुष्कळदा चालतं. ओळ जमल्याशिवाय ज्याला पुढची ओळ सुचतच नाही अशा कवीला मुळीच नाही. एखादा नियम आवडलाच तर एका वेळी एकच, आणि दोन आठवडेच वापरून बघा. बघायचं एवढंच की पुढच्या खेपेला बसणं सोपं झालं की अवघड. अवघड झालं तर सोडून द्या, कुणाला जाब द्यायचा नाही.

वर्षभर रोज लिहिणं हीच काही लेखनाची एकमेव रीत नाही. आपल्याकडे १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून कित्येक मराठी लेखकांचं लेखन दिवाळीच्या हंगामाभोवती फिरत आलं आहे. उन्हाळ्यात विचार, पावसाळ्यात लेखन, दिवाळीत छापील प्रत. त्याच्याही आधीपासून बायकांनी जात्यावर बसून ओव्या रचल्या, त्या दळणाच्या वेळात आणि दळणाच्या लयीत. मोकळा वेळ, टेबल, बंद खोली यातलं काहीच त्यांच्याकडे नव्हतं. तुमची दादरपर्यंतची पंधरा मिनिटं त्याच जातीची आहेत.

घरातल्या अपराधीपणाचं थोडं वेगळं आहे. बऱ्याच जणी लपून लिहितात, सगळे झोपल्यावर, ओट्याशी उभ्या राहून. लपवलं की ते चोरीसारखं वाटू लागतं आणि कुणी हाक मारली की वही आधी मिटली जाते. घरात एकदा सरळ सांगून टाका, "रविवारी तीन ते सव्वातीन मी लिहिते, नंतर चहा ठेवते." वेळ संपण्याची खात्री असली की घरचे सहसा थांबतात. 'मला लिहायला वेळ हवा' या मोघम मागणीला मात्र कुणीच थांबत नाही, कारण किती वेळ थांबायचं तेच कळत नाही.

आणि ज्यांच्यावर लिहितोय ती माणसं ओळखतील, ही भीती. चाळीत, सोसायटीत, नात्यात ती खरीच असते, आणि कित्येक कथा नेमक्या या भीतीने अडतात. लेखकाला मात्र वाटतं की आपल्याला सुचत नाही. कच्च्या खर्ड्यात जसं आहे तसं लिहा, नावांसकट. तो कुणाला दाखवायचा नाही. दाखवायची प्रत करताना नुसतं नाव बदलून भागत नाही, कारण माणूस नावावरून कमी आणि जोडणीवरून जास्त ओळखला जातो. किमान तीन गोष्टी हलवा: नातं, कामधंदा, आणि प्रसंग ज्यामुळे घडला ते कारण. सासूची आत्या करा, पोस्टातली नोकरी मंगल कार्यालयातल्या कामावर न्या, भांडण दागिन्यावरून होतं ते खोलीच्या भाडेपावतीवरून होऊ द्या. मूळ दुखणं तसंच राहतं, आणि बदललेल्या तपशिलांमुळे तुम्हालाही त्या माणसाकडे रागाशिवाय बघता येतं. एवढं करूनही एखादी गोष्ट कुणाचं गुपित उघडं पाडत असेल, तर ती वहीतच ठेवणं हाही लेखकाचाच निर्णय आहे.

अर्धवट राहिलेल्या लेखनाचं काय करायचं? स्वतःला एकच विचारा: या गोष्टीतलं मला अजून काय जाणून घ्यायचंय? उत्तर आलं तर ती झोपलेली आहे, चिठ्ठी लिहून ठेवून द्या. उत्तर आलंच नाही तर तुमचं कुतूहल अर्ध्यातच भागलं आहे, ती कथा तुमच्यापुरती संपली. तिच्यातली चांगली दोन-तीन वाक्यं, एखादं नाव, एखादा वास वेगळ्या पानावर उतरवून घ्या आणि वरती तारीख टाकून तिला रजा द्या. नुसतीच सोडून दिली तर ती टोचत राहते.

खर्डा लगेच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. दहा मिनिटांत वीस 'खूपच छान' येतात आणि कथा पूर्ण झाल्याचं समाधान फुकटात मिळून जातं. पुढे लिहायची ओढ संपते. एकच वाचक निवडा आणि त्याला 'कशी वाटली' असं विचारू नका. पेन्सिल देऊन सांगा, "जिथे कंटाळा आला तिथे समासात रेघ मार, जिथे कळलं नाही तिथे गोल कर." मत देताना माणसं भीड धरतात, पेन्सिल धरताना नाही.

शुद्धलेखन अगदी शेवटी. ऱ्हस्व-दीर्घाच्या धाकाने किती जण पहिली ओळच लिहीत नाहीत, आणि हे फार वाईट आहे, कारण ते काम शेवटच्या दोन खेपांचं आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२ साली भर पडलेले चार, असे एकूण अठरा. एका संध्याकाळी वाचून होतात. आणि त्या नियमांतच कवीसाठी सवलत आहे: वृत्त सांभाळताना ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर पाळता येत नसेल तर तेवढ्यापुरतं त्याला स्वातंत्र्य दिलं आहे. पात्रांच्या तोंडची भाषा तर ते जशी बोलतात तशीच लिहायची. लालबागच्या मावशीच्या तोंडी 'असे म्हणाले' घालून तिचा आवाज घालवू नका. खऱ्या अर्थाने पाळायच्या अटी थोड्याच असतात: जिथे पाठवायचं त्यांची शब्दमर्यादा, अंतिम तारीख, आणि मजकूर युनिकोडमध्ये असणं. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हं होऊन उघडतो.

आता तुमच्या तीन महिने बंद असलेल्या कथेबद्दल. पहिल्या खेपेला वही उघडूच नका. कोऱ्या कागदावर, आठवतं तेवढंच, दहा ओळींत कथा लिहा. जे आठवतंय ते कथेतलं जिवंत आहे. जे आठवत नाही त्यातलं पुष्कळसं पुढे काढूनच टाकावं लागेल. दुसऱ्या खेपेला वही उघडायची, ती शेवटच्या पानावर. शेवटच्या दहा ओळी वाचा आणि त्यांच्याखाली, तीन महिन्यांपूर्वी लिहायची राहून गेलेली चिठ्ठी आज लिहा: थांबले, पुढे, माहीत नाही. तेवढं करून उठा, त्या दिवशी एवढंच काम. तिसऱ्या खेपेला चौकटीतलं 'पुढे' समोर असेल, तिथून सुरू करा. अठराशे शब्द पहिल्यापासून वाचायची वेळ शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर येईल. तेव्हा एका बैठकीत, मोठ्याने, हातात पेन न घेता वाचा.